वायरीचं दुसरं टोक

जगात संगणकाच्या भाषा किती आहेत ते मला ठाऊक नाही. पण त्यांतली एक अंबडच्या एमआयडीसीत, पावडर कोटिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तयार झाली, एवढं मी शपथेवर सांगू शकते. खाली भट्टी होती. लोखंडी पेट्यांवर रंगाची पूड उडवायची आणि त्या भट्टीत भाजायच्या, असा त्यांचा धंदा. त्यामुळे आमची फरशी बारा महिने कोमट असायची. थंडीत आम्ही चपला काढून काम करायचो आणि मे महिन्यात नोकरी सोडायचा विचार करायचो. त्या फरशीवर बसून मी आणि अविनाश गायधनी यांनी जी भाषा जवळजवळ वीस वर्षं सांभाळली, तिचं नाव ‘सांधा’.

हे नाव ऐकून लोकांना गुडघ्याचं तेल आठवतं. आमचे मालक विसपुते साहेब यांना मात्र त्यात फार मोठा अर्थ दिसायचा. ‘माणूस आणि यंत्र यांच्यातला सांधा’ असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे आणि पुढच्या रांगेकडे बघून थांबायचे. खरी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी फाइलला काहीतरी नाव द्यावं लागणार होतं आणि त्या आठवड्यात अविनाशच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

सांधाचं काम एकच. नाशिकच्या आसपास कंट्रोल पॅनेल बनवणारे कारखाने पुष्कळ. कंट्रोल पॅनेल म्हणजे एक लोखंडी कपाट. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, गिरणीत, कुठेही मोटर चालू-बंद करायची असली की ते भिंतीला उभं असतं. दारावर दिवे आणि बटणं, आत वायरींचं जंगल. कोणती वायर कुठून निघून कुठे जाते हे आधी कुणीतरी लिहून काढावं लागतं. ते लिहिण्याची भाषा म्हणजे सांधा. डिझाइन करणाऱ्याने पॅनेलचं वर्णन लिहायचं. सांधा त्यातून वायरींची यादी, लेबलं आणि आकृत्या काढून देणार. यापेक्षा जास्त काही येत असल्याचा दावा आम्ही दोघांनी कधी केला नाही. तो विसपुते साहेब करायचे.

साहेबांना अनावरणाची आवड. सॉफ्टवेअरला आवृत्ती असते आणि आवृत्ती निघाली की ती निघाली, असं आमचं मत. साहेबांच्या मते ती प्रकट व्हायला हवी. म्हणून दर खेपेला समई, नारळ आणि मखमली पडदा. पडदा सरकवला की मागे काय असणार? एक लॅपटॉप. तोही बहुतेक वेळा झोपलेला. मग प्रमुख पाहुणे काळ्या पडद्याकडे बघून टाळ्या वाजवायचे आणि अविनाश धावत जाऊन कुठलं तरी बटण दाबायचा.

आता थोडं धंद्यातलं सांगते. कंटाळा आला तर चहा टाकून या, पण परत या.

जुन्या पोथ्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. अध्याय सुरू होताना ‘अथ’ येतं आणि संपताना ‘इति’. इति नुसती येत नाही. कोणता अध्याय संपला तेही सांगून जाते. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवताना हीच रीत वापरतात. ‘पॅनेल सुरू’, त्याच्या पोटात ‘कप्पा सुरू’, त्याच्या पोटात ‘स्विच सुरू’. मग ‘स्विच संपला’, ‘कप्पा संपला’, ‘पॅनेल संपलं’. प्रत्येक खूण टोकदार कंसात घालायची आणि जी सगळ्यात शेवटी उघडली ती सगळ्यात आधी मिटायची. या खुणांना इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. आमच्या ऑफिसात त्यांना अथ आणि इति म्हणायचे. ‘अरे, इति कुठंय?’ अशा हाका ऐकून खालच्या भट्टीवाल्यांची बरीच वर्षं समजूत होती, की वर या नावाची एक मुलगी कामाला आहे आणि ती कधी जागेवर नसते.

अडचण अशी होती, की सांधा भाषेला या खुणा मुळात कळतच नव्हत्या. तिच्या लेखी तो नुसता मजकूर. अवतरणचिन्हांत कोंडायचा, तुकडे एकमेकांना डकवायचे आणि पाठवून द्यायचं. बंद लखोट्यासारखं. आत इति विसरली आहे, की कप्पा पॅनेलच्या बाहेर पडला आहे, हे लखोटा नेणाऱ्याला काय कळणार? कळायचं ते पलीकडे उघडल्यावर. म्हणजे कारखान्यात.

सातपूरच्या एका गिऱ्हाइकाने एकदा पॅनेलच्या नावाच्या पट्टीवर ‘पंप’ आणि ‘ब्लोअर’ यांच्यामध्ये ते ‘अँड’चं वेटोळं चिन्ह टाकलं. दुकानांच्या इंग्रजी पाट्यांवर बापाच्या आणि मुलांच्या मध्ये असतं ना, ते. या खुणांच्या लिपीत त्या वेटोळ्याला स्वतःचा वेगळाच अर्थ आहे. पलीकडचा प्रोग्राम तिथे अडखळला आणि कुणाला काही न सांगता पुढे गेला. अर्धी लेबलं छापून आली, अर्धी आलीच नाहीत. आम्हाला हे कळलं कित्येक महिन्यांनी, आणि तेही तक्रार आली म्हणून नव्हे, गिऱ्हाईक फराळाचा डबा द्यायला आलं म्हणून.

“सॉफ्टवेअर छानच आहे तुमचं,” ते गृहस्थ म्हणाले. “अर्धं काम करतं. बाकीचं आम्ही हातानं करून घेतो, त्यात काय एवढं!”

असं समजूतदार गिऱ्हाईक मिळणं हे सॉफ्टवेअरवाल्याचं मोठं दुर्दैव असतं. त्यांचे अनारसे फार चांगले होते. मला एकही गोड लागला नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं, की लखोटा बंद. अथ आणि इति भाषेच्या व्याकरणातच घ्यायच्या. बेरीज-वजाबाकी जशी भाषेची आपली, तशाच या खुणा आपल्या. डिझाइन करणाऱ्याने प्रोग्रामच्या मधोमध सरळ त्या लिहाव्यात. इति विसरली तर सांधाने तिथल्या तिथे ओरडावं. वेटोळं आलं तर स्वतः निस्तरावं. मध्येच हिशोब करून काही भरायचं असेल तर महिरपी कंस टाकला की झालं. ‘जसं पॅनेल, तसं लिहा’ असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. हे वाक्य माझं. ते पुढे माझ्याच अंगावर आलं.

पहिलं संकट मात्र अविनाशवर आलं. टोकदार कंस म्हणजेच ‘पेक्षा लहान’चं चिन्ह. पाच हे साताहून लहान, असं लिहायला तेच चिन्ह आणि पॅनेल उघडायलाही तेच. डावीकडून उजवीकडे वाचत येणाऱ्या यंत्राने कसं ओळखायचं, की इथे तुलना चालली आहे की कपाट उघडतंय? अविनाश बरेच दिवस कुणाशी धड बोलला नाही. त्याचं न बोलणं हे त्याच्या बोलण्यापेक्षा फार वेगळं असतं असं नाही, पण डब्यातली भाजी तो मला देईनासा झाला तेव्हा मी काळजीत पडले. मग एका दुपारी तो घास हातात धरून म्हणाला,

“ताई, मी ‘भाकरी’ म्हटलं, तर पुढे काय येईल?”

“‘वाढ’ येईल. ‘करपली’ येईल.”

“आणि मी काहीच बोललो नसेन तर?”

“तर तू काहीतरी नवीन काढणार.”

“तेच!” म्हणाला आणि डबा उघडा टाकून उठला. त्याचं उत्तर एवढंच होतं. चिन्हाच्या आधी एखादी वस्तू येऊन गेली असेल तर ती तुलना. आधी काही नसेल, यंत्र कशाची तरी वाट बघत असेल, तर ते कपाट. परदेशात मोठमोठ्या मंडळींनी हाच तोडगा काढला होता हे आम्हाला नंतर कळलं. अविनाशला त्याचा आनंद झाला नाही. “आधी वाचलं असतं तर भाजी गरम खाल्ली असती,” म्हणाला.

ही नवी सोय तयार होत आली आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी एक सल्लागार आणले. ते बेंगळुरूहून यायचे, उन्हाळ्यातही ब्लेझर घालायचे आणि आमच्या कोमट फरशीवर उभं राहून घाम पुसत इंग्रजीत बोलायचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. स्वतःची भाषा सांभाळणं हा शौक झाला. जगातली कुठलीही चालती भाषा घ्या. अथ-इति वाचायचं तयार सामान तिच्यात फुकट मिळतं. त्या व्याकरणात कशाला हव्यात?

प्रामाणिकपणे सांगते, त्या गृहस्थांचं फारसं चूक नव्हतं. म्हणूनच ते मला आवडले नाहीत.

माझी निवृत्ती जवळ आली होती. टीममधली बाकीची मंडळी तरुण, ती कुठेही गेली असती. प्रश्न होता अविनाशचा. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि तो निष्णात होता ती भाषा अशी, की जिच्यात त्याच्याखेरीज पृथ्वीवर दुसरं कुणीच निष्णात नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खरं ते सांगितलं.

“अविनाश, सांधा बंद झाली ना, तर तुला बसवू कुठे तेच कळत नाही रे मला.”

अविनाशने बाहेर येऊन हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही.

मी साहेबांकडे गेले. बरंच बोलले. शेवटी असं ठरलं, की सिन्नरचा कारखाना आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यांनी एक खरंखुरं पॅनेल नव्या पद्धतीने करून बघावं. एका गावाच्या पाणीयोजनेचं पंपाचं पॅनेल होतं. वर्णन ते लिहिणार, यादी सांधा काढणार, त्या यादीवरून वायरिंग होणार. पॅनेलची चाचणी होऊन सिन्नरकरांनी पसंतीची सही केली, तर भाषा राहील आणि अविनाशही राहील. नाही केली, तर सल्लागार सांगतील ते.

सिन्नरची सही म्हणजे शबाना तांबोळीची सही. ती तिथल्या वायरिंग विभागाची प्रमुख. चाळिशीची, डिप्लोमा केलेली, आवाज असा की मशीन चालू असतानाही तिला फोनवर दोनदा बोलावं लागत नसे. कारखान्याचे मालकसुद्धा तिच्या टेबलासमोर उभे असताना हात मागे बांधायचे.

तिच्याकडून फाइली आल्या. अविनाशने त्या सांधाला वाचायला दिल्या आणि पडदा लालेलाल झाला. चुकाच चुका, आणि गंमत म्हणजे सगळ्या एकाच जातीच्या. आमच्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलं होतं, की वायरीचा नंबर, ती कुठून निघाली, कुठे पोचली, ही सगळी माहिती अथमध्ये द्यायची. इति फक्त मिटायला. इतिच्या पोटात काही ठेवायचं नसतं. जगात कुणीच ठेवत नाही. शबानाच्या लोकांनी अथमध्ये नंबर आणि निघायची जागा लिहिली होती. इतिमध्ये पुन्हा नंबर आणि पोचायची जागा.

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“शबाना, ते इतिमध्ये नंबर लिहिलेत ना, ते काढून टाकायला सांग. सगळं सुरुवातीलाच लिहायचं.”

“का?”

“तशी पद्धत आहे.”

“मॅडम, वायरीला टोकं किती?”

“दोन.”

“मग एका टोकाला नंबर घालायचा आणि दुसरं टोक नागडं सोडायचं? आमच्याकडं असं कुणी केलं तर त्याला मी गेटपर्यंत सोडून येते.”

वायरमन लोक वायरीच्या प्रत्येक टोकाला नंबर असलेली एक बारीक प्लास्टिकची नळी ओवतात, तिला फेरूल म्हणतात. दोन्ही टोकांना, न चुकता. हा त्यांचा देवधर्म आहे. मला तो ठाऊक होता. पण तो त्या कागदावरच्या वायरीलाही लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अविनाश पुढे वाकला. “मॅडम, ही खरी वायर नाही. वायरीचं वर्णन आहे.”

“कोण बोलतंय?”

“अविनाश गायधनी. हे मीच लिहिलंय.”

“बरं झालं भेटलात. अविनाश सर, तुमच्या पुस्तकात पहिल्या पानावर काय छापलंय? ‘जसं पॅनेल, तसं लिहा.’ आम्ही तसं लिहिलं. आता म्हणता तसं लिहू नका. एक काहीतरी ठरवा आणि फोन करा.”

फोन बंद झाला. अविनाश माझ्याकडे बघत राहिला. ते पहिल्या पानावरचं वाक्य कुणाचं, हे त्याला माहीत होतं.

“चालू द्यायचं का त्यांचं?” मी विचारलं.

“ताई, इतिला पोटच नसतं! आपण त्याला परवानगी दिली तर आपली फाइल जगात दुसरा कुठलाच प्रोग्राम वाचणार नाही.”

“बाहेर पाठवताना नेहमीसारखी करून पाठवू. आत त्यांना लिहायचं तसं लिहू दे. व्याकरण आपलंच आहे ना? की भाषाही आपली आणि लिहायचं मात्र दुसऱ्यांना विचारून?”

मग तो म्हणाला, “आणि दोन्हीकडे वेगळे नंबर आले तर?”

“थांबायचं.”

“थांबायचं म्हणजे? पिवळा इशारा देऊ आणि पुढे जाऊ.”

“अर्धी लेबलं छापणारा प्रोग्राम पुढेच गेला होता. थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांना कळवलं. त्यांचा चेहरा पडला. कारण भाषेचं नव्हतं, माहितीपत्रकाचं होतं. ‘शंभर टक्के जागतिक मानकांनुसार’ असं आधीच चकचकीत कागदावर छापून झालं होतं.

“कोठावदे मॅडम, तुम्ही मानक मोडताय!”

“बाहेरच्या बाजूने पाळतोय, साहेब. आत जरा मोकळं केलंय.”

दोन दिवसांनी नवी पत्रकं आली. त्यांवर छापलं होतं : ‘जागतिक मानकांच्या एक पाऊल पुढे’. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटला.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने अशी चाचणी चार लोकांत, बंद खोलीत उरकली असती. साहेबांनी मुंबई नाक्यापलीकडच्या हॉटेलात हॉल घेतला. समई आली, पडदा आला. पहिल्या रांगेत सल्लागार, सिन्नरच्या कारखान्याचे मालक, आणखी काही संभाव्य गिऱ्हाइकं. शबाना कडेच्या खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन बसली होती. ती कारखान्याच्या जेवणावरही विश्वास ठेवत नसे, मग हॉटेलच्या कुठून ठेवणार! पडदा सरकला. लॅपटॉप चक्क जागा होता. अविनाशने सिन्नरहून सकाळीच आलेली शेवटची, दरवाजाच्या वायरिंगची फाइल उघडली आणि यादी काढायचा हुकूम दिला.

मोठ्या पडद्यावर, हातभर लांबीची, लाल अक्षरं उमटली. वायर बेचाळीसची अथ, तिला इति एकेचाळीसची. काम थांबवले आहे.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सल्लागार शेजारच्याकडे झुकून हळूच काहीतरी म्हणाले आणि शेजारच्याने मान हलवली. साहेब माइकपाशी पोचले होते. “किरकोळ तांत्रिक बाब आहे. तोपर्यंत आपण सर्वांनी चहा घ्यावा,” असं म्हणत त्यांनी प्रोजेक्टरच्या वायरीला हात घातला.

“वायर काढू नका!” शबाना उभी राहिली. डबा खुर्चीवर ठेवून ती सरळ पडद्यापाशी गेली. ती ओळ वाचली, तिच्या वरच्या दोन ओळी वाचल्या, आणि तिथूनच फोन लावला.

“रंगनाथभाऊ, दरवाजाची वायरिंग कुठवर आली? ... लाल बटणाला हात लावू नका. ... नाय, मी येईस्तोवर काहीच करू नका. चहा प्या.”

मग ती वळली. तिला माइक लागत नव्हताच.

“हा तुकडा मी लिहिलाय. एकेचाळीस नंबरचा उचलून खाली चिकटवला, वरचा नंबर बदलला, खालचा तसाच राहिला. म्हणजे या दोन्ही वायरी एकाच जागी जाऊन पोचल्या असत्या. लाल बटण बाजूला पडलं असतं. मोटर चालू झाली असती, दिवा लागला असता. फक्त बंद करायला बटण दाबलं असतं, तर बंद झाली नसती.”

ती अविनाशकडे वळली. “सर, दुरुस्त करा. खाली बेचाळीस, आणि पोचायची जागा एक नंबर पुढची.”

अविनाशने दुरुस्त केलं. यादी निघाली. तोपर्यंत निम्मा हॉल चहाला गेला होता. गेलेल्यांनी पाहिला तो फसलेला कार्यक्रम, राहिलेल्यांनी पाहिली ती वेगळीच गोष्ट. आणि दुर्दैवाने सल्लागार चहाला गेलेल्यांत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सविस्तर लिहून पाठवलं, की भर कार्यक्रमात कोसळणाऱ्या भाषेवर कंपनीचं भवितव्य सोपवू नये. ‘कोसळणं’ आणि ‘थांबणं’ यांतला फरक मी साहेबांना समजावून सांगितला. त्यांना तो पटलाही, असं मला वाटतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती हातभर लाल अक्षरं होती.

“सिन्नरची सही येऊ द्या, मॅडम,” एवढंच ते म्हणाले. “मग बोलू.”

ती चूक चाचणीत सापडलीच असती, असंही म्हणता येईल. मी ते नाकारत नाही. बहुधा सापडली असती. पण पंपघरात ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘बहुधा’ या शब्दाचा फारसा उपयोग नसतो.

चाचणीच्या दिवशी मी आणि अविनाश सिन्नरला गेलो. शिंदे गावाच्या टोलनाक्यावर तो म्हणाला, “मुलीला सांगितलं नाहीये अजून.” मी म्हटलं, “सांगायचंच काही नसेल कदाचित.”

पॅनेल कारखान्याच्या मधोमध उभं होतं, राखाडी रंगाचं. तो रंग आमच्याच खालच्या भट्टीतला असणार. भोवती वायरमन, कारखान्याचे मालक, हात मागे बांधून. विसपुते साहेब आधीच पोचले होते आणि हार घेऊन आले होते. पॅनेलला घालायचा की शबानाला, हे त्यांचं ठरलेलं दिसत नव्हतं. वायरमनांत सगळ्यात ज्येष्ठ ते रंगनाथभाऊ, त्यांनी मुख्य स्विच वर केला.

शबानाने हिरवं बटण दाबलं. आतून ‘खट्’ असा दमदार आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि पाठोपाठ बारीक घूं सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हार घेऊन पुढे सरकले.

“थांबा,” शबाना म्हणाली.

साहेब हारासकट थांबले. अविनाश माझ्या शेजारी उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शबानाने तळहाताने लाल बटण दाबलं.

पुन्हा ‘खट्’. दिवा गेला. घूं गेली. कुणी टाळी वाजवली नाही. जे काही बंद पडलं होतं त्याला टाळी कशी वाजवणार? तिने बटण सोडलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग आणखी एकदा. साहेबांचा हात हार धरून अवघडला होता. शेवटी तिने रंगनाथभाऊंकडे बघितलं.

“काय म्हणता, भाऊ?”

“चांगलं हाय. मरतंय बटणावर.”

तिने पेन काढलं आणि पॅनेलच्या दारावरच कागद टेकवून सही केली. साहेबांनी हार पॅनेलला घातला. अविनाश कागदाकडे बघत होता. मला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल. वीस वर्षांत एकदा तरी.

बोलली ती शबानाच. “अविनाश सर, आता पुढचं ऐका. वायरीचा रंगपण आम्ही दोन्ही टोकांना लिहिणार आहोत.”

“रंग?” अविनाश जागा झाला. “नंबरचं समजलं. पण रंग कशाला? वायरीचा रंग दोन टोकांना वेगळा असतो का?”

“वायर एकच असते, सर. जोडणारे दोन असतात. एक आत बसतो, एक दाराला असतो. हा सकाळी येतो, तो दुपारी.”

अविनाशने थोडा विचार केला. खांद्यावरची बॅग उतरवली, पॅनेलसमोरच्या बाकावर बसला आणि लॅपटॉप उघडला.

“बॅटरी संपत आलीये,” तो म्हणाला. “इथे एखादा प्लग आहे का?”

महाराष्ट्राला वीज वाटणारी कपाटं जिथे तयार होतात, त्या कारखान्यात मोकळा प्लग कुणालाच माहीत नव्हता. रंगनाथभाऊ, शबाना आणि कारखान्याचे मालक असे तिघे मिळून तो शोधायला गेले. अविनाशने तोवर टायपायला सुरुवात केली होती.